वापरात नसलेला आवाज

कदम बुवांना रस्त्यावरूनच बोलायला सुरुवात करायची सवय होती. "काय मेस्त्री, आमची पेटी आहे का गेली?"

दुकानात रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या विद्याधरने लगेच मान वर केली. "आहे अजून. तुमच्या मंडळाने मात्र तिला मारायचं मनावर घेतलंय. भात्यात काय भरता बुवा? ओंजळभर हळद निघाली आतून."

"हळद काय म्हणता, भंडारा आहे तो! पालीच्या यात्रेला नेली होती. माणसाच्या अंगात देव येतो, पेटीच्या का येऊ नये?"

दोघं हसत होते तेव्हा उल्का आतल्या दारात उभी होती, विद्याधरच्या पाठीपासून चार हातांवर. "अहो, चहा ठेवू का दोघांचा?" तिने विचारलं. विद्याधर कानस चालवत राहिला. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"मेस्त्री, वहिनी काय विचारतायत," बुवा म्हणाले.

विद्याधर वळला. "अगं, तू केव्हा आलीस?"

उल्काने चहा टाकला आणि आधण येईपर्यंत ओट्याशी उभी राहिली. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तिने कराडच्या शाळेत किती वर्गांना शिकवलं होतं याची गणती नव्हती. बुवा रस्त्यावर होते, मागून रिक्षा जात होत्या आणि तंबाखूने त्यांचा आवाज कधीचा बसला होता. ती चार हातांवर होती आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला होता. बुवांचं ऐकू यावं आणि तिचं येऊ नये, हे त्या नियमात बसत नव्हतं.

नवऱ्याला ऐकू येत नाही याची तिला सवय होती. त्याला फक्त तिचंच ऐकू येत नाही, हे तिच्या त्या दिवशी लक्षात आलं.

विद्याधर पांचाळच्या घराण्यात पेट्या बनवायचं काम वडिलांपासून चालत आलेलं. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात, कारागीर त्यांना सूरच म्हणतात. बऱ्याच पेट्यांत एका पट्टीखाली दोन सूर असतात, आणि दोघांची कंपनं तंतोतंत जुळली नाहीत तर आवाजात लाटा येतात. फरक जितका जास्त, तितक्या लाटा जलद. सुराचं टोक घासलं की तो चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. लाटा मंदावत मंदावत पूर्ण थांबेपर्यंत घासत राहायचं. हे काम कानाचं आहे. साठी आली तसे विद्याधरचे कान गेले आणि एका पावसाळ्यात त्याने कानशी कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिल्या. त्या वर्षभरात तो माणूस कसा झाला होता ते उल्काला आठवायचं नसे.

मग कानामागे बसणारा मणी आला. श्रवणयंत्रं पूर्वीही होती, पण पेटीवाल्यांच्या उपयोगाची नव्हती. जुनं यंत्र आवाजात दोनच जाती ओळखायचं, बोलणं आणि गोंगाट. बोलणं सारखं बदलत असतं. जो आवाज बदलत नाही, एकाच उंचीवर टिकून राहतो, तो पंख्याचा, मोटारीचा किंवा यंत्राच्याच शिट्टीचा असणार असं धरून ते त्याला दाबून टाकायचं. पेटीचा सूर नेमका तसाच, न हलता टिकणारा. म्हणजे विद्याधरने पट्टी दाबली की क्षणभर सूर येई आणि पाण्यात बुडाल्यासारखा नाहीसा होई.

नव्या मण्यात 'सोबत' होतं. सोबत ही यंत्रं चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरचीच एक आवृत्ती, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बांधलेली आणि फुकट वाटलेली. घराघरातले पाण्याचे पंप, टीव्ही, साखर मोजायची यंत्रं, सगळं तिच्यावर चाले. अशा प्रत्येक यंत्रात हजारो बारीकसारीक मांडण्या, म्हणजे सेटिंग्ज, असतात आणि सुधारित आवृत्ती आली की त्यांतल्या काही बदलाव्या लागतात. पूर्वी अशा वेळी पडद्यावर एक प्रश्न यायचा: ही मांडणी तुम्ही बदलली आहे, आम्हीही बदलली आहे, कुणाची ठेवायची? जाणकाराला तो प्रश्न कळायचा. बाकीची माणसं घाबरून हाताला येईल ते बटण दाबायची आणि मग पंप बंद पडायचे, यंत्रं कानात किंचाळायची.

म्हणून सोबतवाल्यांनी 'जुळणी' लिहिली. जुळणी कधीच काही विचारत नसे. माणूस वागतो कसा ते ती पाहायची आणि त्यावरून त्याला काय हवं ते ठरवायची. विद्याधरच्या कानामागचा मणी त्याची नाडी पाही, जबड्याचा स्नायू आवळला की टिपून ठेवी, मान कुठे वळते ते मोजी. सूर बुडाला की हा माणूस श्वास धरतो, कान पुढे करतो, हे दोनेक महिन्यांत तिला समजलं. तिने सुरांची ओळख करून घेतली आणि त्यांना वाट मोकळी करून दिली. लाटासुद्धा ऐकू येऊ लागल्या. ज्या दिवशी फळीवरच्या कानशी खाली उतरल्या त्या दिवशी उल्काने शिरा केला होता.

आणि तेवढ्यावर न थांबता ती स्वतः सोबतच्या कामात शिरली होती. निवृत्तीनंतर हातात वेळ होता. जुळणी माणसांशी जी वाक्यं बोलते, ती मराठीत तिने बसवली. काय केलं, का केलं, एवढंच सांगणारी छोटी वाक्यं. 'प्रणाली', 'विन्यास' असले शब्द तिने वेचून काढून टाकले. मराठी आवृत्ती सांभाळणारा नागपूरचा सम्यक मेश्राम एकदा म्हणाला होता, "मॅडम, तुमच्या वाक्यांनी मशीन घरातलंच माणूस वाटतं."

दुसऱ्या दिवशी उल्काने प्रयोग केला. फोनमध्ये स्वतःचं एक वाक्य भरलं: "अहो, जेवायला चला." विद्याधर पाठमोरा काम करत असताना ते तिने आतल्या दारातून वाजवलं. काही नाही. मग तेच वाक्य, तेवढ्याच मोठ्या आवाजात, फक्त स्वर थोडा चढवून वाजवलं. आता तो आवाज तिचा वाटत नव्हता.

विद्याधर तत्काळ वळला. "कोण बाई आल्यात बघ गं."

"कुणी नाही," ती म्हणाली. "फोन वाजला."

स्वयंपाकघरात येऊन तिने विद्याधरच्या मण्याची जुळणी फोनवर उघडली. घरातली सगळी यंत्रं तिच्याच हवाली होती. मण्याच्या ओळखीच्या आवाजांत तिचा आवाज होता. त्यावर बोट ठेवून तिने 'का?' दाबलं.

पडद्यावर आलं: "हा आवाज मागे ठेवला आहे. तो आला की तुमचं काम मोडतं आणि तुम्हाला त्रास होतो. तुमच्या मनासारखं व्हावं म्हणून ही निवड केली आहे."

तिन्ही वाक्यं तिची होती. 'तुमच्या मनासारखं' हा शब्दप्रयोग सुचला तेव्हा तिला बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

सम्यकने सगळं ऐकून घेतलं. पडद्यावर त्याचा चेहरा अवघडलेला दिसत होता. "मॅडम, यात बिघाड काहीच नाही."

"बिघाड असता तर मी कळवून मोकळी झाले असते."

"सरांना काम करताना कुणी हाक मारली की लाटांचा हिशोब तुटतो. हाक बहुतेक वेळा तुमचीच. दर वेळी जबडा आवळलाय, मान दुसरीकडे वळलीये. वर्षभर तेच. मशीननं काय समजावं?"

"समजू नये. विचारावं."

"विचारायचं नाही, यावरच तर उभं आहे ना सगळं." तो पडद्याजवळ सरकला. "तुम्ही पक्की नोंद करू शकता. कुलूप म्हणतो आम्ही तिला. मग जुळणी त्या आवाजाला हात लावत नाही. पण सांगतो, मण्यात ताकद किती असते, मॅडम? तुमचा आवाज आणि मधल्या सप्तकातले सूर कंपनांच्या एकाच पट्ट्यात येतात. तुमच्यासाठी ती वाट राखून ठेवली तर सूर तुटतील. तुम्ही गप्प असलात तरी तुटतील, कारण मणी तुमची वाट बघत राहील."

"आणि कुलूप न लावता?"

"सरांनी तोंडी सांगितलं तर जुळणी मानते. पण वागणं वेगळं दिसलं की हळूहळू वागण्याकडे झुकते. माणसं बोलतात एक आणि त्यांना हवं असतं दुसरंच, असा अनुभव आहे ना."

त्या दिवशी जेवताना उल्का विद्याधरच्या अगदी समोर बसली. समोर असली की ओठांवरून त्याला बरंचसं कळायचं. तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, शाळेत प्रमेय सांगायची तसं.

"मी असं कधी म्हटलं?" तो म्हणाला.

"म्हटलं नाहीत. आठी घातलीत."

"आठी सगळेच घालतात. लग्न झाल्यापासून घालतोय मी."

"हो. पण पूर्वी ती कुणी टिपून ठेवत नव्हतं."

विद्याधरने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "तू पण घालतेस. माझ्या कानशीच्या आवाजाला तुझे दात आंबतात, मला माहीत नाही होय? तुझ्या कानाला मणी नाही एवढंच."

हे खरं होतं, आणि तिला थोडं हसूही आलं. "बरं. मग आता तुम्हीच सांगा. माझा आवाज पुढे हवा की मागे? पुढे आणला तर मधल्या सप्तकात सूर तुटतील. किती तुटतील ते लावून बघितल्याशिवाय कळायचं नाही."

"हा काय प्रश्न झाला?"

"तो तुम्हाला कुणी विचारला नव्हता, म्हणून मी विचारतेय."

विद्याधरने उत्तर देण्याआधी मधल्या दारातून बाहेर पाहिलं. टेबलावर एक पेटी पोट उघडं टाकून पडली होती. क्षणभरच पाहिलं त्याने. मग म्हणाला, "तुझा ठेव पुढे. अर्थातच."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने ते पुन्हा एकदा फोनला सांगितलं. कुलूप लावायचं की नाही हे जुळणीने विचारलं नाही आणि उल्कानेही लावलं नाही. माणसाने तोंडाने सांगितलंय, तेवढं पुरे असावं असं तिला वाटलं.

ते पुढचे दिवस विचित्र गेले. "अगं हळू बोल, ऐकू येतंय," तो दचकून म्हणायचा. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि बाहेरून ओ यायची. पण ओ आल्यावर पुढे काय बोलायचं याचा तिला विचार करावा लागे. गोळी घेतलीत का. पंप बंद करा. शेजारच्यांनी सायकल आपल्या दारात लावलीय. इतकी वर्षं आपण हेच बोलत होतो का, की त्याने ऐकणं सोडल्यावर आपलं बोलणं इतकं आटलं, हे तिला ठरवता येईना. तो "हं" म्हणायचा. तेही ऐकू यायचं.

मग कदम बुवा पेटी घेऊन परत आले. या वेळी ते रस्त्यावरून बोलले नाहीत. आत आले, बाकावर बसले, पेटी मांडीवर ठेवली.

"मेस्त्री, रागावू नका. मध्यमाला लाटा येतायत. मंडळातली पोरं हसली हो."

विद्याधरने पेटी घेतली, भाता हलवला, पट्टी दाबली. लाटा आतल्या दारात उभ्या असलेल्या उल्कालाही ऐकू येत होत्या. विद्याधर कान जवळ नेऊन ऐकत राहिला, पट्टी सोडून पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. शेवटी भात्यावरचा हात काढून म्हणाला, "मला कळत नाही बुवा."

"असू द्या, असू द्या. म्हातारपण म्हणायचं."

"म्हातारपण नाही," विद्याधर म्हणाला आणि त्याने पेटी टेबलावर ठेवली. उल्काकडे त्याने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बुवा गेल्यावर तो तिथेच बसून राहिला, हातात कानस, कानशीखाली काही नाही. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "मागे ठेवू का माझा आवाज? परत?"

"कशाला? बोललो ना मी."

"मग काम?"

"काम काय. होईल काहीतरी." त्याचा जबडा आवळला गेला तो तिला दिसला. कानामागच्या मण्यालाही कळला असणार.

पुढच्या काही आठवड्यांत काम खरोखरच सुधारू लागलं. विद्याधर गुणगुणायला लागला. बुवांची पेटी त्याने पुन्हा उघडली, मध्यम जुळवला आणि स्वतः नेऊन दिली. परत आला तो सांगत, "बघितलंस? उगाच काळजी करत होतीस. आपोआप बसलं सगळं. सूरही येतात, तूही ऐकू येतेस."

तो तिच्या समोर उभा राहून बोलत होता. ती "बरं झालं" म्हणाली.

दुपारी तो पाठमोरा बसला असताना ती आतल्या दारात गेली. पट्टी दाबलेली होती, दोन सूर एकमेकांशी जुळत येत होते, लाटा लांबत चालल्या होत्या. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता पण मानेवरून तो कसा असेल ते समजत होतं.

"अहो," ती म्हणाली.

तो वळला नाही.

फोन तिच्या हातात होता. जुळणी उघडायची, आपल्या आवाजावर बोट ठेवायचं, कुलूप दाबायचं. मग तो ऐकेल, दार बाहेरून लावलेल्या खोलीत माणूस ऐकतो तसं. आणि पट्टी दाबून पुन्हा पुन्हा सोडत बसेल. त्याने खोटं सांगितलं होतं असं तिला वाटलं नाही. तो बोलला ते त्याला खरंच हवं असणार. नुसतं बोलण्यापुरतं हवं असणार, किंवा हवं असावं असं वाटत असणार. त्यापुढचं मोजणारं यंत्र त्याच्या कानामागे होतं आणि ते यंत्र खोटं बोलत नव्हतं.

लाटा थांबल्या. दोन सुरांचा एक सूर झाला.

"मी कोल्हापूरला जातेय, ताईकडे," उल्का पुरेपूर आवाजात म्हणाली, शाळेतल्या आवाजात. "केव्हा येईन ते आत्ता सांगता येत नाही. पिठलं झाकून ठेवलंय. आणि तुम्ही जुळवलेला सूर ऐकला की मला अजून बरं वाटतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं."

विद्याधरने पुढची पट्टी दाबली.

एसटी मलकापूर ओलांडून गेल्यावर त्याचा फोन आला. "अगं, आहेस कुठे? पिठलं सापडलं, तू सापडत नाहीस."

"ताईकडे निघालेय. सांगून आले."

"मला? केव्हा?"

"तुमच्यामागे उभी राहून."

पलीकडे झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुझा आवाज किती स्वच्छ येतोय गं. घरात असा येत नाही."

फोनमधला आवाज मण्याच्या मायक्रोफोनवाटे जात नाही, सरळ कानात उतरतो. त्याला जुळणीची चाळण लागत नाही. हे तिला ठाऊक होतं, पण ती एवढंच म्हणाली, "फोनवर येतो असा."

त्यानंतर संध्याकाळी फोन येऊ लागला. आधी कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या याचा. मग नुसताच. साताऱ्याहून एक जुनी पेटी आली होती, तिच्यात जर्मन सूर होते, त्यांच्याबद्दल तो खूप बोलला. एकदा म्हणाला, "थांब, ऐकवतो," आणि फोन पेटीवर ठेवला. उल्का ताईच्या गच्चीत उभी राहून ऐकत होती. लाटा जलद होत्या. कानशीचा आवाज आला, तिचे दात आंबले. मग पुन्हा पट्टी, लाटा जरा संथ. पुन्हा कानस. असं कितीतरी वेळ चाललं.

"थांबल्या," ती म्हणाली.

"तुला कळल्या?" त्याच्या आवाजात आश्चर्य होतं. "बरोब्बर तिथंच थांबल्या."

खाली आल्यावर ताई म्हणाली, "नव्या नवरीसारखं चाललंय तुझं. एवढं गोड बोलता तर इथे काय करतेयस?"

"इथे आहे म्हणून बोलतो," उल्का म्हणाली.

"मग जन्मभर माझ्या गच्चीत राहणार आहेस का?"

"नाही." ताईला हे समजावून सांगणं अवघड होतं. फोनवर बोलणारा नवरा तिला आवडायला लागला होता आणि तो नवरा कराडमध्ये राहत नव्हता. कराडमध्ये मण्याचा नवरा राहत होता.

"ये आता," विद्याधर एका संध्याकाळी म्हणाला. "घरात कुणी बोलत नाही."

ती बॅग भरायला लागली. कपडे घड्या करून ठेवत असताना फोन वाजला. निरोप जुळणीचा होता. घरातल्या यंत्रांची देखभाल अजून तिच्याच नावावर होती.

"एक ओळखीचा आवाज बरेच दिवस ऐकू आलेला नाही. वापरात नसलेली नोंद काढून टाकली आहे. जागा मोकळी झाली आहे."

उल्का पलंगावर बसली. शेवटच्या वाक्यावर तिने खूप वेळ घालवला होता. 'रिक्त' नको, 'उपलब्ध' नको. 'जागा मोकळी झाली' म्हटलं की माणसाला हायसं वाटतं, असं तिने सम्यकला लिहून कळवलं होतं. वापरात नसलेलं काढून टाकायचं हे कामही बरोबरच होतं. यंत्रातलं एखादं ॲप काढलं की त्याच्याबरोबर आलेलं आणि आता कुणालाच न लागणारं जे मागे उरतं, ते साचू द्यायचं नसतं. यंत्र जड होतं.

थोड्या वेळाने तिच्यातली शिक्षिका जागी झाली. ओळखीच्या आवाजालाच मागे ठेवता येतं. ओळख पुसली की तो आवाज कुणा परक्याचा होतो आणि परक्यांचे आवाज मणी अडवत नाही. दारात आलेला माणूस कोण, काय म्हणतोय ते कळायला हवं, म्हणून. जुळणी त्या आवाजाला नव्याने पाहू लागते. तो आला की नाडी कशी चालते, जबडा आवळतो का, मान कुठे वळते. त्यावरून ठरायला काही आठवडे लागतात, कधी महिने.

तिने सम्यकला विचारून खात्री करून घेतली. "हो मॅडम," तो म्हणाला, "पाहुण्यासारखं." आणि मग घाईघाईने, "म्हणजे, सुरुवातीला."

कराडला ती उतरली तेव्हा दुपार कलत होती. पश्चिमेचं ऊन दुकानाच्या दारात भरलं होतं. ती मागच्या दाराने गेली नाही. बॅग पायरीवर ठेवून पुढच्या दारात उभी राहिली, गिऱ्हाईकं उभी राहतात तिथे. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून विद्याधर आज दाराकडे पाठ करून बसला होता. नाकावर भिंगाचा चष्मा होता. त्यातून हातातला सूर मोठा दिसतो आणि हातापलीकडचं सगळं धुकं होतं.

"अहो," ती म्हणाली. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात.

तो लगेच वळला.

उन्हाकडे पाहताना त्याचे डोळे बारीक झाले. चेहऱ्यावर ओळख नव्हती; मण्यातून येणारा तिचा आवाज फोनवरच्यासारखा नव्हता आणि त्याच्या कानाला त्याची सवय राहिली नव्हती. पण दुसरंही काही होतं, जे तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तो अदबीने किंचित उठला होता.

"कोण? या ना, आत या. बसा."

उल्का आत गेली आणि बाकावर बसली. मी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिने ते मिटून घेतलं. एकदा सांगितलं की कानामागे मोजणी सुरू होईल. खरं तर सुरू झालीच असेल.

"बोला," विद्याधर म्हणाला. "काय त्रास आहे?"

"मधल्या सप्तकात लाटा येतायत," ती म्हणाली.

त्याने हातातला सूर खाली ठेवला, मान तिच्याकडे कलती केली आणि ऐकू लागला.